आरिमाचे उष्ण कुंड : विहाराच्या स्नानगृहापासून दांपत्याच्या विश्रामगृहापर्यंत

जपानी भाषेत उष्ण पाण्याच्या झऱ्यास 'ओनसेन' म्हणतात आणि जुन्या पद्धतीच्या विश्रामगृहास 'ऱ्योकान' अशी संज्ञा आहे. झऱ्याकाठच्या अशा ऱ्योकानमध्ये पति-पत्नीने एक-दोन रात्री राहावे, दिवसातून दोन-तीन वेळा कुंडात बसावे, सावकाश भोजन करावे, ही जपानी गृहस्थजीवनातील एक आवडती प्रथा आहे. नोकरीच्या, शिक्षणाच्या अथवा बुद्धस्थळांच्या दर्शनाच्या निमित्ताने जपानला जाणारी आपल्यातील काही उपासक दांपत्येही आता या विश्रामगृहांत उतरतात. परत आल्यावर तेथील स्वच्छतेचे आणि आतिथ्याचे ती तोंड भरून कौतुक करतात. हे कौतुक यथार्थच आहे. परंतु या कुंडाचा बौद्ध विहाराशी काही संबंध आहे काय, असल्यास तो कोणत्या स्वरूपाचा आहे, याचा विचार सहसा होत नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही हा संबंध तपासून पाहणार आहोत. त्यासाठी कोबे शहराच्या उत्तरेस, रोक्को पर्वताच्या पलीकडे वसलेले आरिमा हे प्राचीन उष्णोदक-क्षेत्र आम्ही मुख्यतः डोळ्यांपुढे ठेवले आहे. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्या समाजाने कोणत्याही पाण्याच्या इतिहासाला एक प्रश्न विचारलाच पाहिजे. तो प्रश्न असा : या पाण्यात उतरण्याचा अधिकार कोणास होता आणि कोणास नव्हता?

तपोदा आणि जंताघर

उष्ण झऱ्याचा उल्लेख विनयपिटकातच आढळतो. राजगृहाजवळ तपोदा नावाचा उष्ण पाण्याचा प्रवाह होता. राजगीर येथील उष्ण कुंडे आजही प्रसिद्ध आहेत. भिक्खू तपोदेवर स्नान करीत असत. एकदा मगधराज बिम्बिसार तेथे स्नानासाठी आला आणि भिक्खूंचे स्नान आटोपण्याची वाट पाहत थांबून राहिला. भिक्खूंना अंधार पडेपर्यंत भान राहिले नाही. राजाचे स्नान उशिरा झाले, नगराचे दरवाजे बंद झाले आणि त्याला रात्र नगराबाहेर काढावी लागली. हे समजल्यावर तथागतांनी भिक्खूंच्या वारंवार स्नानावर मर्यादा घातली. मात्र उन्हाळा, आजारपण, श्रमाचे काम, प्रवास आणि वादळ-पाऊस यांसाठी सवलत ठेवली.

या कथेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, राजा आणि भिक्खू एकाच पाण्यात स्नान करीत होते. भिक्खुसंघात उपालीसारखा न्हावी होता, सुनीतासारखा सफाई करणारा होता. त्यांच्या स्पर्शाने पाणी विटाळते असा विचार या कथेत कोठेही नाही. दुसरी, घातलेली मर्यादा ही इतरांच्या सोयीसाठी होती. पाणी सर्वांचे आहे, म्हणून कोणी ते अडवून बसू नये, एवढाच तिचा अर्थ.

वेसाली येथे गरिष्ठ भोजनामुळे भिक्खू आजारी पडू लागले, तेव्हा वैद्य जीवकाने तथागतांकडे चंक्रमण आणि जंताघर यांची अनुमती मागितली, असे चुल्लवग्गात नमूद आहे. जंताघर म्हणजे उष्णतेने घाम आणून शरीर शुद्ध करण्याचे स्नानगृह. त्यात अग्नीची जागा, धूर जाण्याचा मार्ग, बसण्याची आसने यांची तपशीलवार योजना सांगितली आहे. येथे स्नानाचे प्रयोजन आरोग्य हे आहे. पाण्याने पाप धुऊन निघते ही समजूत तथागतांनी सुन्दरिक भारद्वाजाशी झालेल्या संवादात स्पष्टपणे नाकारली. थेरीगाथेतील पुण्णिका ही तर पाणी भरणारी दासी. थंडीने कुडकुडत नदीत उभ्या असलेल्या ब्राह्मणास तिने विचारले की, पाण्याने मुक्ती मिळत असेल, तर बेडूक आणि कासव यांनाही स्वर्ग मिळावयास नको काय? पाण्याला पावित्र्याच्या तावडीतून सोडवून आरोग्याच्या आणि सेवेच्या क्षेत्रात आणणे, हे बौद्ध विचाराचे या बाबतीतील मोठे कार्य होय. आपल्याकडील कान्हेरीच्या लेण्यांत 'पोढी' म्हणजे पाण्याची टाकी दान दिल्याचे शिलालेख आहेत, तेही याच परंपरेचे द्योतक आहेत.

सम्राज्ञी कोम्यो आणि भिक्खू ग्योकी

जीवकाच्या नावाशी निगडित असे एक लहान सूत्र चिनी भाषेत प्रचलित झाले. परंपरेने त्याचा अनुवाद दुसऱ्या शतकातील अन शिकाव यांच्या नावे सांगितला जातो. संघासाठी स्नानगृह उभारावे, त्यात सरपण, स्वच्छ पाणी, अंग घासण्याचे चूर्ण, तेल, राख, दातवण आणि अंतर्वस्त्र या सात वस्तू ठेवाव्यात, असा उपदेश त्यात आहे. धम्म जपानमध्ये पोहोचला तेव्हा ही कल्पनाही तेथे गेली. नारा येथील मोठ्या विहारांत स्नानगृहे बांधली गेली आणि ठरावीक दिवशी ती सामान्य जनांसाठी खुली होऊ लागली. या स्नानदानास जपानीत 'सेयोकु' म्हणतात. ज्यांच्या घरी पाणी तापविण्याइतके सरपण नव्हते, अशा गोरगरिबांना ऊन पाण्याचे स्नान प्रथम विहाराने दिले.

या कार्याशी एका राजदांपत्याचे नाव जोडले गेले आहे. सम्राट शोमु आणि सम्राज्ञी कोम्यो हे ते दांपत्य. नारा येथील तोदाइजी विहारातील महाबुद्धाची मूर्ती शोमुच्या संकल्पातून घडली आणि इ.स. ७५२ मध्ये तिचा नेत्रोन्मीलन समारंभ झाला. कोम्योने निराधारांसाठी आश्रयस्थान आणि रोग्यांसाठी औषधालय चालविले. तिच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, एक हजार लोकांना स्वहस्ते स्नान घालण्याचा तिने संकल्प केला. हजारावा मनुष्य कुष्ठरोगी निघाला. त्याच्या जखमांतील पू तिने तोंडाने शोषून काढला, तेव्हा तो अक्षोभ्य बुद्ध असल्याचे प्रकट झाले. ही घटना जशीच्या तशी घडली असे मानण्याचे कारण नाही. १३२२ साली पूर्ण झालेल्या जपानी बौद्ध चरित्रग्रंथात ती सांगितली आहे, म्हणजे कोम्योनंतर जवळजवळ साडेपाचशे वर्षांनी. तथापि एखादा समाज कोणत्या कृतीला आदर्श मानतो, हे आख्यायिकेवरून कळते. सर्वांनी टाकलेल्या माणसाच्या शरीराला राजस्त्रीने हात लावावा, हा येथे आदर्श आहे.

अशीच आख्यायिका आरिमाच्या संदर्भात भिक्खू ग्योकी (६६८–७४९) यांच्याविषयी सांगितली जाते. आरिमाकडे जाताना रानात त्यांना एक रोगी भेटला. त्याने आपल्या व्रणांना जिभेने स्पर्श करण्याची विनंती केली. ग्योकींनी ती मान्य केली आणि तो रोगी भैषज्यगुरू बुद्धाच्या रूपात प्रकट झाला. त्यानंतर ग्योकींनी आरिमाच्या झऱ्यांचा जीर्णोद्धार करून तेथे विहार स्थापिला, असे परंपरा सांगते. ऐतिहासिक ग्योकी हे या कथेइतकेच प्रभावी आहेत. ते विहारात बसून राहिले नाहीत. त्यांनी लोकांना सोबत घेऊन पूल बांधले, तळी खोदली, वाटसरूंसाठी निवारे उभारले. त्यांच्याभोवती जमणाऱ्या सामान्य लोकांमुळे राजसत्ता अस्वस्थ झाली आणि इ.स. ७१७ मध्ये त्यांच्या कार्यावर सरकारी निर्बंध आला. पुढे महाबुद्धाच्या उभारणीसाठी लोकांचे साहाय्य हवे झाले, तेव्हा त्याच दरबाराने ७४५ मध्ये त्यांना सर्वोच्च भिक्खुपद दिले.

भिक्खूंच्या खोल्या आणि आजचे ऱ्योकान

आरिमा पुढे पुराने उद्ध्वस्त झाले. परंपरेनुसार १०९७ च्या महापुरानंतर जवळजवळ शतकभर ते ओसाड होते. ११९१ साली योशिनोहून आलेल्या निन्साई नावाच्या भिक्खूने झरे पुन्हा मोकळे केले आणि रोग्यांच्या व यात्रेकरूंच्या निवासासाठी बारा घरे उभारली. भैषज्यगुरू बुद्धाच्या बारा यक्षसेनापतींवरून ही संख्या घेतली असे सांगतात. या घरांना 'बो' म्हणत. बो म्हणजे भिक्खूंचे निवासस्थान. आजही आरिमातील गोशोबो, नाकानोबो अशा विश्रामगृहांच्या नावांत हा शब्द टिकून आहे. ज्या खोलीत आजचे दांपत्य विश्रांती घेते, तिच्या नावातच विहार आहे. दरवर्षी २ जानेवारीस आरिमामध्ये ग्योकी आणि निन्साई यांच्या मूर्तींना नववर्षाच्या पहिल्या उष्ण पाण्याने स्नान घातले जाते.

या विश्रामगृहातील रीत आमच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगणे योग्य होईल. दाराशी पादत्राणे काढावी लागतात. खोलीत भाताच्या पेंढ्याच्या, गवताने मढविलेल्या चटया अंथरलेल्या असतात. त्यांना तातामी म्हणतात. पति-पत्नी दोघांनाही युकाता नावाचा एकाच धर्तीचा सुती अंगरखा मिळतो. उतरलेला मनुष्य अधिकारी आहे की कारकून, हे त्या अंगरख्यावरून ओळखता येत नाही. स्नानगृहाच्या दाराशी मात्र दांपत्याची ताटातूट होते, कारण पुरुषांचे आणि स्त्रियांचे कुंड वेगवेगळे असते. आत गेल्यावर प्रथम बुटक्या आसनावर बसून साबणाने सर्वांग स्वच्छ धुवावे लागते, त्यानंतरच कुंडात उतरावयाचे. कुंडात साबण न्यावयाचा नाही, पंचा बुडवावयाचा नाही. जे पाणी आपल्यानंतर दुसऱ्याला वापरावयाचे आहे ते स्वच्छ ठेवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य, असा हा नियम आहे. आरिमाचे एक पाणी लोह आणि क्षार यांमुळे तांबूस-पिवळे असते, त्यास 'सुवर्ण झरा' म्हणतात. दुसरे स्वच्छ, त्यास 'रौप्य झरा' म्हणतात. स्नानानंतर भोजन होते आणि चटईवर गाद्या घालून दिल्या जातात.

स्त्री-पुरुषांची ही विभागणी पूर्वापार नाही. जपानमध्ये एकत्र स्नानाची चाल दीर्घकाळ होती. १७९१ मध्ये एदो म्हणजे आजच्या तोक्यो शहरातील सार्वजनिक स्नानगृहांत तिला बंदी झाली आणि मेइजी राजवटीने, पाश्चात्त्यांच्या नजरेला भिऊन, ही बंदी अधिक कडक केली. आता दांपत्याला एकत्र स्नान करावयाचे असल्यास अनेक विश्रामगृहांत तासाच्या हिशेबाने लहान कुंड राखून मिळते. विहारांच्या बाबतीत याच काळात उलट दिशेने बदल झाला. अनेक पवित्र पर्वतांवर स्त्रियांना प्रवेश नव्हता, म्हणून तेथील विहारांच्या यात्रीनिवासांत दांपत्याने राहण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. हा प्रवेशनिषेध सरकारने १८७२ मध्ये रद्द केला. स्त्रीला भिक्खुणीसंघात प्रवेश देणाऱ्या तथागतांच्या नावाने चाललेल्या स्थळी ही बंदी शतकानुशतके होती, हे नमूद केलेच पाहिजे.

हिदेयोशी आणि नेने

आरिमाच्या रस्त्यांवर आज एका दांपत्याच्या स्मृती विशेष जपलेल्या दिसतात. तोयोतोमी हिदेयोशी आणि त्याची पत्नी नेने यांचे पुतळे तेथे आहेत, तेथील लाल रंगाच्या पुलास नेनेचे नाव आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस संपूर्ण जपान एका सत्तेखाली आणणारा हिदेयोशी आरिमाला वारंवार येत असे. नेनेही तेथे येत असे. १५९६ च्या भूकंपात आरिमाची हानी झाली, तेव्हा त्याने मोठ्या दुरुस्तीची आज्ञा दिली. पुढे १७ जानेवारी १९९५ च्या कोबेच्या भूकंपात तेथील गोकुराकुजी विहाराची इमारत पडली आणि तिच्याखाली हिदेयोशीच्या स्नानवाड्याचे अवशेष सापडले.

पर्यटकांना सांगितल्या जाणाऱ्या कथेत एक बाजू सुटते. हिदेयोशी स्वतः अत्यंत सामान्य कुळातला होता. तरवारीच्या जोरावर तो वर चढला आणि वर पोहोचल्यावर त्याने शिडी ओढून घेतली. १५८८ मध्ये शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेण्यात आली. १५९१ च्या आज्ञेने सैनिकाने शेतकरी वा व्यापारी होऊ नये आणि शेतकऱ्याने आपला व्यवसाय सोडू नये, असे बंधन आले. पुढे तोकुगावा राजवटीत या बंधनांतून जन्माधिष्ठित दर्जांची ताठर व्यवस्था उभी राहिली. तिच्या तळाशी 'एता' आणि 'हिनिन' हे समूह होते. हिनिन याचा शब्दशः अर्थ 'माणूस नसलेला'. मृत जनावरे ओढणे, कातडी कमावणे, ही कामे एता समूहाच्या माथी आली. आमच्या वाचकांना याचे अधिक स्पष्टीकरण देण्याची गरज नाही.

बौद्ध संघ या वेळी कोठे होता? तेराव्या शतकात एइसोन (१२०१–१२९०) आणि त्यांचे शिष्य निन्शो (१२१७–१३०३) यांनी हिनिनांमध्ये जाऊन काम केले होते. १२६९ मध्ये एइसोन यांनी नारा येथील हान्न्याजी विहारात हिनिनांना मंजुश्री बोधिसत्त्वाचे रूप मानून त्यांना दान दिले. निन्शो एका कुष्ठरोग्यास पाठीवर घेऊन बाजारात पोहोचवीत असत, अशी परंपरा आहे. त्यांनी रोग्यांसाठी निवास आणि स्नानगृहे चालविली. हे कार्य थोरच होते. परंतु त्याच काळात कुष्ठरोगास 'कर्मरोग' म्हणण्याची चाल बौद्धांतच रूढ होती. पूर्वजन्मीच्या पापाने अथवा सूत्राची निंदा केल्याने हा रोग होतो, असे प्रवचनांत सांगितले जाई. हाताने रोग्याला स्नान घालावयाचे आणि तोंडाने त्याच्या दुःखाचा दोष त्याच्याच माथी मारावयाचा, असा हा विसंवाद होता. पुढे करुणेचे हात थकले आणि कर्माचा सिद्धान्त तेवढा शिल्लक राहिला. तोकुगावा काळात काही विहारांनी एता समूहातील मृतांना हीनत्वदर्शक धम्मनामे दिली आणि ती थडग्यांवर कोरली. १९७९ मध्ये एका जागतिक धर्मपरिषदेत, जपानमध्ये असा भेदभाव उरलेला नाही, असे विधान जपानी पंथाच्या एका वरिष्ठ प्रतिनिधीने केले. तीव्र विरोधानंतर ते त्यास मागे घ्यावे लागले.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या कल्पनेवर जो प्रहार केला, त्याचे महत्त्व या इतिहासाच्या प्रकाशात अधिक पटते. अशा कल्पनेने दीन-दलितांच्या स्थितीची जबाबदारी समाज आणि राज्य यांच्यावरून उतरते, हे त्यांनी दाखवून दिले.

कुसात्सु : युनोसावातील संसार

ही जबाबदारी उतरली म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी आरिमा सोडून मध्य जपानच्या डोंगरातील कुसात्सु येथे जावे लागते. कुसात्सुचे पाणी तीव्र आम्लधर्मी आहे. त्वचारोगांवर ते गुणकारी मानले जाई, म्हणून कुष्ठरोगी तेथे शतकानुशतके येत. १८८७ मध्ये त्यांना गावापासून वेगळे काढून युनोसावा या वस्तीत बसविण्यात आले. बहिष्काराने जन्मलेली ही वस्ती, पण रोग्यांनी ती स्वतः उभी केली. तेथे रोग्यांनीच चालविलेली विश्रामगृहे होती, दुकाने होती, वस्तीचा स्वतःचा कारभार होता. तेथे पति-पत्नी संसार करीत होते आणि त्यांना मुले होत होती.

सरकारने १९३१ मध्ये कायदा करून सर्व कुष्ठरोग्यांना सक्तीने कोंडण्याचे धोरण स्वीकारले. कुसात्सुजवळ १९३२ मध्ये कुर्यु राकुसेन-एन हे सरकारी रुग्णालय निघाले. त्याच्या नावातील 'राकुसेन' याचा अर्थ 'सुखाचा झरा'. १९४१ मध्ये युनोसावा मोडण्यात आले. जपानमधील अशा रुग्णालयांत विवाहाला परवानगी होती, परंतु १९१५ पासून विवाहासाठी पुरुषाची नसबंदी ही अट होऊ लागली आणि गर्भवती स्त्रियांचे सक्तीने गर्भपात झाले. 'सुखाच्या झऱ्या'च्या आवारातच १९३८ ते १९४७ पर्यंत एक विशेष कोठडी होती. बंडखोर ठरविलेल्या ९३ रोग्यांना तीत डांबले गेले आणि त्यांपैकी २३ जणांचा अंत झाला. मुलांच्या हास्याने भरलेली जी युनोसावातील घरे होती, तेथील दांपत्यांचा हा शेवट होता.

रोगावर औषध निघाल्यानंतरही १९५३ च्या कायद्याने कोंडवाडा चालूच ठेवला. तो कायदा १९९६ मध्ये रद्द झाला. २००१ मध्ये कुमामोतो जिल्हा न्यायालयाने हे धोरण संविधानविरोधी ठरविले आणि २०१९ मध्ये रोग्यांच्या कुटुंबीयांनाही न्याय दिला. ओतानी या बौद्ध शाखेने १९९६ मध्ये, या धोरणाला आपण साथ दिली याबद्दल, जाहीर क्षमा मागितली. तरीही २००३ मध्ये कुमामोतो प्रांतातील एका उष्ण झऱ्याच्या हॉटेलाने, पूर्वी बऱ्या झालेल्या रोग्यांची नोंदलेली जागा, इतर गिऱ्हाइकांना त्रास होईल या सबबीखाली नाकारली. १९४८ च्या विश्रामगृह कायद्यान्वये त्या हॉटेलावर कारवाई झाली. हॉटेलाची औपचारिक दिलगिरी रोग्यांनी स्वीकारली नाही, तेव्हा त्यांनाच अपमानास्पद पत्रांचा वर्षाव सोसावा लागला. अधिकार मागणाऱ्याने नम्र राहावे, उपकार म्हणून मिळेल ते घ्यावे, ही अपेक्षा आपणांस परिचित आहे. आपल्या देशानेही येथे बोट दाखविण्यापूर्वी स्वतःकडे पाहावे. आपल्याकडे कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण २०१९ पर्यंत होते.

क्योतो आणि महाड

एता आणि हिनिन ही नावे १८७१ च्या आज्ञेने कायद्यातून गेली, व्यवहारातून गेली नाहीत. या समूहांच्या वंशजांना सार्वजनिक स्नानगृहांतून परत पाठविले जाई, त्यामुळे वस्तीतच वेगळी स्नानगृहे बांधावी लागत. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्यांनी 'सुइहेइशा' ही संघटना स्थापिली. तिचे एक प्रमुख संस्थापक साइको मान्किची हे बौद्ध विहारात जन्मले होते. सुइहेइ म्हणजे 'पाण्याची समपातळी'. सुइहेइशा याचा अर्थ होतो समतेचा संघ. पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या तळ्यात ओंजळ बुडविली. सनातन्यांनी १०८ घागरी पाणी उपसून आणि पंचगव्य ओतून ते तळे 'शुद्ध' केले. तळ्यावरील हक्क मिळण्यासाठी १७ मार्च १९३७ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयापर्यंत दहा वर्षे वाट पाहावी लागली. या दोन चळवळींनी परस्परांपासून दूर राहून एकच गोष्ट ओळखली होती, ती ही की पाणी आपली पातळी स्वतः शोधते, वरखाली करणारे बांध माणसे घालतात.

आपल्या संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट यांच्याबरोबर हॉटेलांचाही स्पष्ट उल्लेख आहे. कोम्योची करुणा आणि निन्शोंची सेवा वंदनीय खरी, पण ती व्यक्तीबरोबर संपली. तपोदेवर जो नियम होता तो सर्वांना सारखा होता, म्हणून तो व्यक्तीच्या चांगुलपणावर अवलंबून नव्हता. करुणेला नियमाचा आणि कायद्याचा आधार हवा, हा या बाराशे वर्षांच्या इतिहासाचा बोध आम्हांस वाटतो.

जपानला जाणाऱ्या उपासक दांपत्यांनी आरिमाच्या कुंडाचा आनंद अवश्य घ्यावा. गृहस्थाच्या निर्दोष सुखाला तथागतांनी कधीही विरोध केलेला नाही. मात्र त्यांनी तेथे ग्योकींच्या मूर्तीसमोर क्षणभर उभे राहावे, आणि शक्य झाल्यास कुसात्सुलाही जावे. त्या कोठडीचे स्मारक-संग्रहालय २०१४ पासून तेथे आहे. आरिमाच्या पाण्याने शरीराचा शीण जाईल. कुसात्सुच्या त्या भिंती पाहिल्यावर, आपल्या गावातल्या कोणत्या पाण्यावर अजून कोणाला मज्जाव आहे, हे शोधण्याची जबाबदारी मनावर येईल.